हेप्टूसाठी मिस्सा

जसिंताबाई लोपीस एका माणसाला रोज सकाळ-संध्याकाळ शिव्या द्यायच्या आणि वर्षातून एकदा त्याच माणसाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून गावच्या चर्चमध्ये मिस्सा लावायच्या. तो माणूस बाटलीत राहायचा. चपटी, आडवी ठेवायची, तळहाताएवढी प्लास्टिकची बाटली. आत गुलाबी पाणी. आणि तळाला चिकटून, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही असा, तो.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंचा एक स्क्रू ढिला होता. तसा तो होताच, पण या कारणासाठी नाही.

वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची लॅब होती. एका बाजूला पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला अगरबत्तीचं गोदाम. त्यामुळे दिवसभर कानात ठणठण आणि नाकात मोगरा. फिनेल, हँडवॉश, लादी पुसायचं लिक्विड असला माल बनवणाऱ्या कंपन्या आमच्याकडे नमुने पाठवायच्या. ‘जवळजवळ सगळे विषाणू मारतो’ असं बाटलीवर छापायचं तर ते आधी कुणीतरी मारून दाखवावे लागतात. ते मारणारे आम्ही. उरलेला एक जो मरत नाही, तो साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसतो, असं बाई म्हणायच्या.

आता विषाणू मारायचे तर आधी पाळायला हवेत, आणि ही जात स्वतःच्या घरात कधी राहत नाही. तिला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. आमच्याकडे त्यासाठी ‘हेप-टू’ नावाच्या पेशी होत्या. फार वर्षांपूर्वी परदेशात कुणा पुरुषाच्या घशात कॅन्सरची गाठ झाली, तिच्यातून काढलेल्या, असं लॅबच्या जुन्या कागदांत लिहिलेलं होतं. माणूस गेला, गाठ राहिली. कॅन्सरच तो, थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही. ऊब दिली, खायला घातलं की बाटलीतसुद्धा वाढतच राहतो. त्यातला थोडा काढून दुसऱ्या बाटलीत, तिथून तिसऱ्या, असा तो जगभर गेला आणि फिरत फिरत वसईला आला.

बाईंनी ‘हेप-टू’चं ‘हेप्टू’ केलं आणि पेशींचा माणूस केला. पेशी हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, असं मी नवीन असताना एकदा सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, शब्द बाईचा असेल, माणूस बाप्याच आहे. विषय संपला. बाईंशी बोलताना विषय असेच संपायचे.

नम्रता त्यांच्याकडे औषधालासुद्धा नव्हती. एम.एस्सी. झालेल्या, एकेकाळी गावच्या शाळेत विज्ञान शिकवलेलं, म्हणून ‘मॅडम’ म्हटलेलं खपायचं नाही, ‘बाई’च म्हणायचं. ठेंगण्या, रुंद, कपाळाला सदैव आठी. नवरा पास्कू, वाडीत केळी आणि भाजी लावणारा, इतका गप्प माणूस की लग्नात ‘हो’ तरी तोंडाने म्हणाला होता की मान हलवली होती, अशी मला शंका आहे. बाईंच्या मते वसईत मूळचं तेवढं त्यांचं गाव. बाकी आम्ही सगळे पाहुणे, त्यांच्या आजोबांच्या भातशेतावर बिल्डिंगी बांधून राहिलेले. पाहुण्यांची नावं कशाला लक्षात ठेवायची? माणूस जिथे राहतो तेच त्याचं नाव. माझ्या आईवडिलांनी बोळिंजला फ्लॅट घेतलेला, म्हणून मी ‘ए बोळिंज’. विषाणूंचं काम बघणारा महेश नालासोपाऱ्यात तुळिंजला राहायचा, तो ‘तुळिंज’. साहेब अंधेरीहून गाडीने यायचे. तोंडावर ‘सर’, पाठ वळली की ‘अंधेरी’. अंधेरी आज तापलाय, आज सही मागायला जाऊ नको, असा हवामानाचा अंदाज आम्हाला रोज फुकट मिळायचा.

पेशींची खोली सगळ्यात आत, आणि तिथे बाईंचं राज्य. बांगड्या काढायच्या, केस बांधायचे, चपला बाहेर. कुणी येताना पाव खाऊन आलं असेल तर हात कोपरापर्यंत धुवायचे, कारण पावातलं यीस्ट पेशींत शिरलं की सगळ्या बाटल्या नासतात. बाईंच्या घरी लग्नकार्याला फुगे, म्हणजे यीस्टने फुगवलेल्या पिठाचे गोळे, तळायचे असले, की पीठ भिजवल्यापासून त्या स्वतःच त्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून माझ्यावर ओरडायच्या. मी हात कुठे नेते, श्वास कुठे सोडते, सगळ्यावर टीका. शेवटी फुगे आणून द्यायच्या, ते मात्र मऊसूत असायचे.

आणि शिव्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कुणीतरी आहे. ‘उठलास का मेल्या?’ असं आतून ऐकू आलं. मग, ‘एवढं खाल्लंस? सगळं पिवळं करून ठेवलंस मुडद्या.’ पेशी जास्त वाढल्या की गुलाबी पाणी पिवळं पडतं, त्यावरून हे चाललं होतं. विषाणू घालायचा दिवस असला तर, ‘चल, आज तुला तापात टाकते, बघू किती माज आहे.’ मी भीत भीत आत डोकावले तर बाई एकट्याच, डोळा मायक्रोस्कोपला, आणि तोंड चालू.

यामागे काय होतं ते मला कितीतरी महिन्यांनी कळलं. दुपारी डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं, तेही वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा सुरात.

त्यांचा बापूस चर्चच्या गायनमंडळात गायचा. आवाज असा की वाडीच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाच्या शेजाऱ्याची पोरं अभ्यासाला बसायची. शिव्या द्यायलाही तोच आवाज. बाईंचा सगळा शब्दसाठा तिथूनच आलेला. त्या माणसाला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं, आवाज गेला. मग पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की तो चमच्याने ताटलीवर वाजवायचा. बाई तेव्हा एम.एस्सी. करत होत्या. परीक्षेच्या आधी तो गेला. पुढे शाळा सोडून या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवशी हातात बाटली दिली गेली. वर लिहिलेलं, पुरुष, स्वरयंत्राचा कॅन्सर.

“देवाने आरोपी माझ्या हातात आनून दिला, बोळिंज,” बाई म्हणाल्या. “माझ्या बापाला औषध लागू पडलं नाय. ह्याला मरन लागू पडत नाय. मंग म्हटलं राब. एवढा मोठा आवाज फुकट खाल्लास, आता काम कर.”

चिडल्या किंवा हळव्या झाल्या की बाईंच्या बोलण्यातला ‘ण’ गळून पडायचा. एरवी शाळेत शिकवलेला ‘ण’ त्या अगदी ठासून लावायच्या.

मी विचारलं, मग त्याच्यासाठी मिस्सा कशाला? त्यांनी माझ्याकडे, फार शिकून मठ्ठ राहिलेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. शिव्या रोगाला, मिस्सा माणसाला. दोघं एकाच बाटलीत राहतात त्याला त्या काय करणार?

तर दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या महिन्यात, बाई चर्चच्या ऑफिसात जाऊन नाव द्यायच्या. पहिल्या वर्षी तिथल्या माणसाने विचारलं, कुणासाठी? बाईंनी सांगितलं, हेप्टू. आडनाव? नुसतं हेप्टू. आणि फादरनी वेदीवरून भर मिस्सात वाचलं, ‘हेप्टू ह्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभावी म्हणून.’ पुढे फादर बदलत गेले. एकाने वाचलेलं पुढच्याने वाचलं, आणि हेप्टू गावच्या मृतांत कायमचा जमा झाला.

गावाने त्याची वंशावळ तयार केली. कुणी म्हणे पास्कूचा दुबईतला सावत्र भाऊ. कुणी म्हणे जहाजावरचा चिनी खलाशी, बाईंच्या आजीने पूर्वी त्याला जेवू घातलेलं. त्याने मागे किती ठेवलं आणि ते पास्कूला मिळालं का, याची चौकशी पास्कूकडेच झाली. तो अर्थातच काही बोलला नाही, त्यामुळे मिळालं असणार असं ठरलं. शेजारच्या कोन्सूमावशीचं कानातलं हरवलं होतं. तिने सगळ्या संतांना मागून पाहिलं, शेवटी वैतागून हेप्टूला मागितलं, आणि ते तांदळाच्या डब्यात सापडलं. तेव्हापासून दोन-चार म्हाताऱ्या अडलं-नडलं हेप्टूला सांगायला लागल्या. बाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, करू दे, एवीतेवी बाटलीत नुसता खात पडलेला असतो, तेवढंच समाजकार्य.

एका पावसाळ्यात इस्टेटमध्ये पाणी भरलं. वसईत पाणी भरणं ही काही बातमी नाही, पण त्या वेळी चिंचोटीकडून येणारा रस्ताही बुडाला आणि वीज गेली ती परत यायचं नावच घेईना. जनरेटर पाण्यात. गोठवलेल्या पेशींच्या टाकीला लागणारा नायट्रोजन घेऊन येणारी गाडी हायवेवर अडकून परत गेली. पेशींना अंगाएवढी ऊब सतत लागते. ऊब गेली की संपलं. साहेबांनी अंधेरीहून फोन करून सांगितलं, जाऊ दे, पुन्हा मागवू. बाईंनी फोन ठेवला आणि अंधेरीचा उद्धार केला. ज्या बाटल्यांत विषाणू घातले होते त्या सगळ्या त्यांनी औषध ओतून मारून टाकल्या. ज्यांत नुसता हेप्टू होता, त्यांची झाकणं घट्ट करून, वर पट्टी गुंडाळून, टॉवेलात बांधून त्या पोटाशी धरल्या आणि गुडघाभर पाण्यातून घरी गेल्या.

घरीही वीज नव्हती. दिवसभर त्यांनी बाटल्या अंगाशी बांधून ठेवल्या आणि तशाच स्वयंपाक केला. पण माणूस किती वेळ पोटाला बाटल्या बांधून हिंडणार? तेवढ्यात त्यांचं लक्ष पडवीतल्या टोपलीकडे गेलं. टोपलीत खुडूक कोंबडी बसलेली होती.

तुम्ही हसाल, पण कोंबडीच्या पोटाखालची ऊब आणि आमच्या परदेशी मशीनमधली ऊब यांत फारसा फरक नसतो. बाईंनी अंडी काढली, बाटल्या ठेवल्या. कोंबडीने एकदा वाकून बघितलं आणि अंग पसरून बसली. अडचण एकच झाली. कोंबडी अंडी उलटवत असते, तशा ती बाटल्याही उलटवायची, आणि पेशींना तर तळाला चिकटून निवांत पडायला लागतं. बाई दर थोड्या वेळाने जाऊन बाटल्या सरळ करायच्या, कोंबडी त्यांच्या हाताला टोचायची, आणि मग दोघी एकमेकींना शिव्या द्यायच्या. अर्ध्या पेशी सुटून मेल्या, अर्ध्या टिकल्या. पाणी ओसरून वीज आल्यावर बाटल्या परत न्यायची वेळ आली तेव्हा कोंबडी देईना. पास्कूला तिला उचलून धरावं लागलं. साहेबांनी गिऱ्हाइकांना कळवलं की आणीबाणीत पर्यायी व्यवस्था कार्यान्वित केली होती. पर्यायी व्यवस्था त्या नाताळाला बाईंच्या घरी रश्शात पडली, आणि मी दोन वेळा वाढून घेतलं.

तर अशी ही जोडी. बाईंनी रिटायर व्हावं आणि हेप्टूने मागे राहावं, असंच व्हायचं. पण मध्ये एक गिऱ्हाईक आलं.

मोठी कंपनी होती. त्यांचं म्हणणं, तुमच्या पेशी नक्की कोणाच्या त्याचा दाखला द्या. आजकाल पेशींची ओळख पटवायची तपासणी असते, माणसांची डीएनए तपासणी करतात तशीच. आम्ही हैदराबादच्या एका लॅबला नमुना पाठवला. रिपोर्ट माझ्याकडे आला. मी तो वाचला, परत वाचला, मग इंटरनेटवर बसले, आणि तेव्हा कळलं की आमच्या जन्माआधीपासून साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. हेप-टू हा हेप-टू नव्हताच. तो हेला होता. म्हणजे होती.

हेला या दुसऱ्या पेशी. एका बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमधल्या. इतक्या दणकट, की जुन्या काळी जगभरच्या लॅबमध्ये एखादा थेंब इकडचा तिकडे झाला तरी त्या दुसऱ्यांच्या बाटलीत शिरायच्या आणि मूळ पेशींना मागे टाकून सगळी बाटली बळकावून बसायच्या. बाहेर नाव तेच राहायचं, आत ही बाई. घशाच्या कॅन्सरचा तो पुरुष केव्हाच, आमच्यापर्यंत पोचायच्या फार आधी, संपला होता.

मी बाईंना सांगितलं. त्या आधी हसल्या. मग रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावला, बाई-बुवा ठरवणारी ओळ कुठली ते विचारलं, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, रिझल्टमध्ये काही फरक पडत नाही ना? मग तो काय आणि ती काय. लेबल बदला आणि पुढे चला.

बाई दोन दिवस भडकलेल्या होत्या, आणि राग त्या बाईवर. दुसऱ्याच्या घरात शिरून बसली, बिचाऱ्या माझ्या माणसाला मारून त्याच्या नावावर खात राहिली. घुसखोर मेली. ‘मेल्या’चं ‘मेली’ झालं, एवढाच बदल. तुळिंज म्हणाला, बरं आहे, शिव्या तरी वाया गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी डबा खाताना बाईंनी मला विचारलं, ही कोण होती काही कळलं का? मी जे वाचलं होतं ते सांगितलं. परदेशातली गरीब बाई. तरुण. पदरात लहान लेकरं. पोटात गाठ जाणवली म्हणून दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासताना तिच्या गाठीचा तुकडा कापून घेतला, तिला विचारलं नाही, सांगितलं नाही. ती त्याच वर्षी गेली. तुकडा वाढत राहिला. त्याच्यावर लसी निघाल्या, औषधं निघाली, लोकांनी नाव कमावलं, आणि तिच्या घरच्यांना कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. तिचं नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते इथे लिहीत नाही. तिच्याकडून न विचारता आधीच पुष्कळ घेतलं गेलंय.

बाईंनी डबा तसाच बंद केला. त्या दिवसापासून आतल्या खोलीत आवाज बंद.

हे ऐकायला साधं वाटतं, पण तुम्ही तिथे असायला हवं होतं. डबेवाल्या कारखान्याची ठणठण आम्हाला पहिल्यांदाच एवढी मोठी ऐकू आली. बाई आत जायच्या, बाटल्या बघायच्या, खायला घालायच्या, बाहेर यायच्या. तोंडातून शब्द नाही. मराठीत एक पंचाईत आहे, समोर बाई आहे की बुवा हे ठरल्याशिवाय साधं ‘जेवलास का’ सुद्धा विचारता येत नाही. ते ठरलं होतं. पण एवढी वर्षं जिला मेल्या, मुडद्या म्हटलं, तिला आता काय म्हणून हाक मारायची हे ठरेना. आठवडाभराने त्यांनी साहेबांना सांगितलं, मी काम सोडते. साहेब घाबरले, पगाराचं बोलू लागले. बाईंनी ऐकूनही घेतलं नाही.

मी त्यांना गेटपाशी गाठलं. म्हटलं, बाई, हे वेडेपण आहे, पेशींना कान नसतात.

“ते मला शिकवू नको,” त्या म्हणाल्या. “मी आरोपी म्हनून राबवली तिला. तिने काय केलं होतं? तिला कोनी इचारलं पन नव्हतं. आनि मिस्सा खाल्ली तिसऱ्यानेच, जो त्या बाटलीत नव्हताच. आता मी तिच्या समोर कुठल्या तोंडाने बसू?”

 पुढचं त्यांनीच ठरवलं. चूक सगळ्या गावासमोर वाचली गेली होती, तर दुरुस्तीही सगळ्या गावासमोर वाचली जायला हवी. काम सोडायचं ते राहू दे, आधी तिच्या नावाची मिस्सा लावायची, आणि ती झाल्याशिवाय आतल्या खोलीत जायचं नाही.

फादरकडे त्या मला घेऊन गेल्या. म्हणाल्या, सायन्स कमी पडलं तर तू सांग. फादर नवीन, तरुण, फार सभ्य. बाईंनी बसल्या बसल्या सांगितलं, फादर, तो आपला हेप्टू आहे ना, तो बाई निघाला. फादर सावध झाले. शब्द निवडून निवडून म्हणाले की हे विषय आता वेगळ्या नजरेने बघायला हवेत, देवाला सगळी लेकरं सारखीच. बाई म्हणाल्या, तसं नव्हे हो. मग मी सायन्स सांगितलं. फादरनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, म्हणजे ती बाई गेली, पण तिच्या पेशी आज इथे वसईत जिवंत आहेत? हो. मग ती मृत धरायची की जिवंत? मृतांची मिस्सा वेगळी असते. बाई म्हणाल्या, मेली तेव्हा मेली, देवाघरी गेली, मागे राहिलं ते आमचं पाप. फादरनी विचारलं, ती कॅथलिक होती का? बाई म्हणाल्या, हेप्टूला इतकी वर्षं कुणी विचारलं नाही.

फादरना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. म्हणाले, बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्रार्थना नाव चुकलं म्हणून वाया जात नाही. वर पत्ता चुकत नसतो.

“मंग नावं वाचता कशाला?” बाई म्हणाल्या.

फादरनी वही पुढे ओढली आणि नाव विचारलं. ते परदेशी नाव बाईंनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

मिस्सा शनिवारी संध्याकाळी होती. मला तेव्हा पुण्याला दुसरी नोकरी लागली होती आणि रविवारी निघायचं होतं, तरी मी गेले. चर्चमध्ये माझी नेहमीच पंचाईत होते, उठायचं कधी आणि बसायचं कधी कळत नाही. म्हणून मी मागच्या बाकावर बसून पुढच्या माणसाची नक्कल करत होते. ज्याच्यासाठी मिस्सा असते त्याच्या घरचे पहिल्या बाकावर बसतात. पहिल्या बाकावर बाई आणि पास्कू होते. बाईंनी काळी साडी नेसली होती. फादरनी नाव वाचलं. मधे एकदा अडखळले, पुन्हा पहिल्यापासून नीट वाचलं. बाकांमध्ये कुजबुज झाली. हेप्टूचा नोव्हेंबर, आणि हे कोण मधेच?

मिस्सा संपल्यावर लोक दारापाशी घरच्यांना भेटतात, हात हातात घेतात, दोन शब्द बोलतात. बाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. कुणाला काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून सगळे जरा लांबच घुटमळत होते. शेवटी कोन्सूमावशी काठी टेकत वर गेली आणि तिने बाईंचा हात धरला.

“कोन लागायची तुझी?”

“लागायची कोनी नाय, मावशी,” बाई म्हणाल्या. “तिच्या जिवावर माझं घर चाललं. आनि मी तिला रोज शिव्या घातल्या.”

मावशीने हात सोडला नाही.

“मंग घरचीच की.”

  बाई रडायला लागल्या, मोठ्याने, लपवाछपवी न करता, मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून. आणि पास्कू शेजारी उभा राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, असू दे, असू दे. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. घुटमळणारे लोक हळूहळू पुढे सरकले आणि पायऱ्यांवर भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. मी पण दारात काढलेल्या चपला घालून रांगेत उभी राहिले.